विश्लेषण : १०० वॉटचा ॲम्प्लिफायर घेऊनही आवाज का वाढत नाही?

ॲम्प्लिफायर घेताना बहुतेक ग्राहक फक्त वॉट पाहतात. आवाजाचे गणित मात्र स्पीकरच्या मागे छापलेल्या एका छोट्या आकड्यावर अवलंबून असते. तो आकडा कोणता आणि तो कसा वाचायचा?

सणासुदीचे सेल सुरू झाले की मोबाइलच्या स्क्रीनवर वॉटचे आकडे झळकू लागतात. ४० वॉट, १०० वॉट, अगदी १००० वॉटसुद्धा. समजा, एखाद्या घरात ५० वॉटचा जुना ॲम्प्लिफायर आहे. सिनेमा पाहताना आवाज कमी पडतो, म्हणून त्याजागी १०० वॉटचा नवा घेतला. जोडणी झाली, नेहमीचे गाणे लावले आणि पाच मिनिटांत घरातूनच प्रश्न आला, ‘फरक काय पडला?’

प्रश्न रास्त आहे. वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो वाढतो जेमतेम ३ डेसिबलने, म्हणजे लक्ष देऊन ऐकले तर कळेल इतका. याउलट ॲम्प्लिफायर तोच ठेवून योग्य स्पीकर निवडला, तर एक रुपयाही ॲम्प्लिफायरवर न घालता त्याहून मोठा फरक पडू शकतो. हे कसे, ते समजून घेण्यासाठी आधी वॉट आणि डेसिबल यांतला फरक पाहावा लागतो.

ॲम्प्लिफायरचे वॉट आणि स्पीकरचे वॉट एकच का?

नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. ॲम्प्लिफायरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो स्पीकरला जास्तीत जास्त किती विद्युतशक्ती देऊ शकतो याचा आकडा. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो स्पीकर न जळता, न फाटता किती शक्ती सहन करू शकतो याचा आकडा. पहिला पुरवठ्याचा, दुसरा सहनशक्तीचा.

त्यामुळे ‘१०० वॉटचा स्पीकर’ हा ‘५० वॉटच्या स्पीकर’पेक्षा मोठ्याने वाजेल, असे अजिबात नाही. तो फक्त जास्त मार सहन करतो. तसेच १०० वॉटच्या स्पीकरला १०० वॉटचाच ॲम्प्लिफायर हवा, असाही नियम नाही.

मग सेन्सिटिव्हिटी म्हणजे काय?

स्पीकरला १ वॉट शक्ती दिली आणि त्याच्या समोर १ मीटर अंतरावर आवाज मोजला, तर तो किती डेसिबल भरतो, हा आकडा म्हणजे त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजेच संवेदनशीलता. माहितीपत्रकात ती ‘८७ डीबी’ किंवा ‘९० डीबी’ अशी लिहिलेली असते. शेजारी बहुधा ‘२.८३ व्होल्ट, १ मीटर’ असेही छापलेले असते. ८ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर १ वॉट होतो, म्हणून हा विचित्र वाटणारा आकडा आला.

घरगुती स्पीकरची सेन्सिटिव्हिटी साधारण ८२ ते ९२ डेसिबलच्या दरम्यान असते. मंडपात आणि कार्यक्रमांत वापरले जाणारे मोठे स्पीकर ९५ डेसिबलच्या पुढे जातात.

यातून आणखी एक गोष्ट उघड होते. स्पीकर हे अत्यंत अकार्यक्षम यंत्र आहे. ८८-८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या नेहमीच्या स्पीकरमध्ये येणाऱ्या विजेपैकी सुमारे अर्धा टक्काच आवाज बनते. बाकीची सगळी आतल्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. म्हणूनच सेन्सिटिव्हिटीत थोडा फरक पडला, तरी लागणाऱ्या वॉटमध्ये प्रचंड फरक पडतो.

डेसिबलचे गणित कसे चालते?

डेसिबलची पट्टी साध्या फूटपट्टीसारखी नसते. ती गुणाकाराने चालते. तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे.

• ३ डेसिबल वाढवायचे तर शक्ती दुप्पट लागते.
• ६ डेसिबल वाढवायचे तर शक्ती चौपट लागते.
• १० डेसिबल वाढवायचे तर शक्ती दहापट लागते आणि इतकी वाढ झाल्यावरच कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

म्हणजे ५० वॉटच्या ॲम्प्लिफायरने येणारा आवाज कानाला दुप्पट वाटावा असे हवे असेल, तर १०० नव्हे, ५०० वॉट लागतील.

आता हेच स्पीकरच्या बाजूने पाहू. एका स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८४ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० डेसिबल आहे. फरक ६ डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात चौपटीचा. पहिला स्पीकर १०० वॉट घेऊन जितका वाजेल, तितकाच दुसरा २५ वॉटमध्ये वाजेल. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर आकाराने फारसे वेगळे दिसणारही नाहीत.

घरच्या हॉलला नेमके किती वॉट पुरतात?

याचा अंदाज मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतो. समजा, स्पीकर ८७ डेसिबलचे आहेत आणि सोफा त्यांच्यापासून ३ मीटर, म्हणजे दहा फुटांवर आहे.

• स्पीकरला १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ८७ डेसिबल मिळतात.
• अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने घटतो. ३ मीटरवर ही घट सुमारे ९.५ डेसिबल होते.
• दोन स्पीकर एकत्र वाजत असल्याने सुमारे ३ डेसिबल परत मिळतात.
• म्हणजे सोफ्यावर साधारण ८०.५ डेसिबल पोहोचतात.

खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज यात आणखी थोडी भर घालतो. तो धरला नाही, तरी प्रत्येक स्पीकरला फक्त १ वॉट देऊन सोफ्यावर ८० डेसिबल मिळतात. दोन माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर हा आवाज चांगलाच मोठा आहे. घरात आवडीचे गाणे जरा मोठ्याने लावले, तर सरासरी ७५ डेसिबल होतात. त्यासाठी लागतो पाव वॉटपेक्षा किंचित जास्त.

मग मोठा ॲम्प्लिफायर हवाच कशाला? कारण संगीत सरासरीने वाजत नाही. तबल्यावरची थाप, ड्रमचा ठोका, सिनेमातला स्फोट हे क्षणभरासाठी सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. २० डेसिबल म्हणजे शक्तीच्या भाषेत शंभरपट. या क्षणांसाठी राखून ठेवलेल्या जागेला तंत्रज्ञ ‘हेडरूम’ म्हणतात. सरासरी ७५ आणि शिखर ९५ डेसिबल धरले, तर वेगवेगळ्या स्पीकरसाठी हिशेब असा येतो :

• ८२ डेसिबलचा स्पीकर : सुमारे ९० वॉट
• ८७ डेसिबलचा स्पीकर : सुमारे २८ वॉट
• ९२ डेसिबलचा स्पीकर : सुमारे ९ वॉट

खोली तीच, सोफा तोच, आवाजही तोच. तरी गरज ९ वॉटपासून ९० वॉटपर्यंत बदलली. ‘माझ्या हॉलला किती वॉटचा ॲम्प्लिफायर घेऊ?’ या प्रश्नाला स्पीकर कोणता ते विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

मग सगळेच स्पीकर जास्त सेन्सिटिव्हिटीचे का बनवत नाहीत?

एके काळी तसेच बनत असत. व्हॉल्व्हच्या काळात वॉट महाग होते. वाड्याच्या ओसरीवर ठेवलेला मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ अवघ्या तीन-चार वॉटवर चालायचा आणि तरी अंगणात ऐकू यायचा, कारण त्यातला स्पीकर हलक्या कागदी शंकूचा आणि मिळालेल्या थोड्या शक्तीचे सोने करणारा असे. थिएटरसाठी तर भोंग्याच्या, म्हणजे हॉर्नच्या आकाराचे भलेमोठे स्पीकर वापरले जात. १९४५ मध्ये आलेले अल्टेक लान्सिंग कंपनीचे ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ हे त्यातले गाजलेले नाव. १९४६ पासून पॉल क्लिप्श यांनी घराच्या कोपऱ्यात बसणारा ‘क्लिप्शहॉर्न’ विकायला सुरुवात केली. त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल सांगितली जाते. वरच्या हिशेबात बसवले, तर त्याला अर्धा वॉटही पुरेसा ठरतो. मात्र त्याचे खोके कपाटाएवढे असते.

चित्र बदलले ते १९५४ मध्ये. अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या ‘अकूस्टिक रिसर्च’ या कंपनीने हवाबंद खोक्यातला छोटा स्पीकर बाजारात आणला. आकाराच्या मानाने त्याचा बास आश्चर्यकारकरीत्या खोल होता. पण त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीत मोजावी लागली. पुढे ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाले आणि हा सौदा सगळ्यांनाच परवडू लागला. कपाटाएवढ्या खोक्याऐवजी टीव्हीच्या बाजूला बसणारे खोके घ्यायचे आणि उणीव वॉटने भरून काढायची.

यामागचे तत्त्व ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणून ओळखले जाते. छोटे खोके, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तीनपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते. त्यामुळे कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर वाईट असतो, असा अर्थ काढू नये. बीबीसीने १९७० च्या दशकात स्वतःच्या वापरासाठी तयार केलेला ‘एलएस३/५ए’ हा चिमुकला स्पीकर आजही जाणकारांच्या आवडीचा आहे. त्याची सेन्सिटिव्हिटी आहे सुमारे ८२-८३ डेसिबल.

त्याला ८ वॉटचा, ३००बी व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर जोडला, तर दोन्ही उत्तम असूनही जोडी जमणार नाही. तोच ॲम्प्लिफायर ९५ डेसिबलच्या स्पीकरला लावला, तर हॉल भरून जाईल.

कमी वॉटचा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळू शकतो?

हो. अनेकांना हे उलटे वाटते, पण दुरुस्तीला येणाऱ्या जळालेल्या ट्वीटरमागे हे एक नेहमीचे कारण असते.

प्रत्येक ॲम्प्लिफायरला एक छत असते. त्याच्याकडे जितके व्होल्ट आहेत, त्यापलीकडे तो जाऊ शकत नाही. ८२ डेसिबलच्या स्पीकरला १५ वॉटचा ॲम्प्लिफायर लावून पार्टीत आवाज वाढवत नेला, की संगीताच्या लाटांचे शेंडे या छताला आपटून सपाट होतात. यालाच क्लिपिंग म्हणतात. सपाट झालेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेल्या वरच्या पट्टीच्या लहरी तयार होतात आणि त्या थेट ट्वीटरकडे जातात. शिवाय शेंडे वाढत नसले तरी बाकीचा आवाज वाढतच राहतो, त्यामुळे स्पीकरवर पडणारी सरासरी शक्ती वाढते. ट्वीटरचे वेटोळे नाजूक असते. ते फार काळ ही उष्णता सोसत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. आवाज कर्कश, चिरका किंवा फाटलेला वाटू लागला की व्हॉल्यूम लगेच कमी करायचा. नॉब अर्ध्यावरच आहे, म्हणजे अजून अर्धी शक्ती शिल्लक आहे, हा समज खोटा आहे. फोन किंवा टीव्हीकडून येणारा सिग्नल जोरकस असेल, तर नॉब अर्ध्यावर असतानाही ॲम्प्लिफायर छताला टेकलेला असू शकतो.

मोठा ॲम्प्लिफायर मात्र आपोआप धोकादायक नसतो. १०० वॉटचा ॲम्प्लिफायर ५० वॉटच्या स्पीकरला लावून आवाज मर्यादेत ठेवला, तर तो गरजेपुरतेच वॉट देतो. धोका असतो तो बेफाम व्हॉल्यूमचा.

ओमचा आकडा कशासाठी पाहायचा?

ओम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचे माप. ४ ओमचा स्पीकर ८ ओमच्या तुलनेत दुप्पट करंट ओढतो. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘४ ते १६ ओम’ किंवा ‘६ ओमपेक्षा कमी नको’ असे लिहिलेले असते, ते पाळणे गरजेचे असते.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यात. २.८३ व्होल्ट ८ ओमच्या स्पीकरला दिले की १ वॉट होतो, पण ४ ओमच्या स्पीकरला दिले की २ वॉट होतात. म्हणजे ४ ओमच्या स्पीकरवर ‘२.८३ व्होल्टला ९० डेसिबल’ असे लिहिले असेल, तर १ वॉटचा खरा आकडा ८७ आहे. तुलना करताना ३ वजा करावेत.

दुसरी फसगत बॉक्स वाढवताना होते. एकाच चॅनलला ८ ओमचे दोन बॉक्स समांतर जोडले की एकूण ४ ओम होतात, चार जोडले की २ ओम. बॉक्स वाढले म्हणून घरमालक खूश, पण ॲम्प्लिफायर तापतो, त्याचे संरक्षक सर्किट वारंवार बंद पडते किंवा आतले आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात.

जाहिरातीतले वॉट खरे किती?

‘पीएमपीओ’ हे शब्द दिसले तर तो आकडा सोडून द्यावा. त्याला मोजमापाची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. ‘आरएमएस’ लिहिलेला आकडा पाहावा आणि तोही कोणत्या अटींवर मोजला ते वाचावे. ‘५० वॉट, ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.१ टक्के टीएचडी’ हा आकडा ‘१०० वॉट, ४ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी’ यापेक्षा बहुधा जास्त भरवशाचा असतो. टीएचडी म्हणजे आवाजातल्या विकृतीचे प्रमाण. १० टक्के विकृतीला आवाज आधीच फाटलेला असतो.

आकड्यांचा हा खेळ फक्त भारतातला नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्येच ॲम्प्लिफायरच्या वॉटसाठी नियम करावा लागला आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक करावा लागला.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या क्लास-डी ॲम्प्लिफायरची तपासणी तर घरबसल्या होते. सोबत आलेला ॲडाप्टर उलटा करून पाहायचा. त्यावर १२ व्होल्ट लिहिले असेल आणि आत व्होल्टेज वाढवणारे सर्किट नसेल, तर ८ ओमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनलमधून जास्तीत जास्त ९ वॉट स्वच्छ मिळतील, मग डब्यावर १०० लिहिलेले असो की २००. २४ व्होल्टच्या ॲडाप्टरवर हीच मर्यादा ३६ वॉट होते. शिवाय ॲडाप्टरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणले की एकूण येणारी शक्ती कळते. १२ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ६० वॉट. त्याहून जास्त शक्ती सतत बाहेर येणे शक्यच नाही.

होम थिएटर रिसीव्हरबाबतही एक खबरदारी. ‘प्रति चॅनल १०० वॉट’ हा आकडा बऱ्याचदा फक्त दोन चॅनल चालू ठेवून मोजलेला असतो. पाच किंवा सात चॅनल एकाच वेळी जोरात वाजले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

• आधी स्पीकर निवडा, मग ॲम्प्लिफायर.
• स्पीकरची सेन्सिटिव्हिटी आणि ओम लिहून घ्या. आकडा थोडा फुगवलेला असू शकतो, म्हणून हिशेब करताना २-३ डेसिबल कमी धरा.
• सोफ्यापर्यंतचे अंतर मोजा.
• फोनवर साउंड लेव्हल मीटरचे ॲप घेऊन नेहमीच्या बैठकीवरून, तुमच्या सवयीचा मोठ्यातला मोठा आवाज मोजा. फोनचे माप तंतोतंत नसते, पण अंदाजाला पुरते.
• त्या सरासरीवर १५ ते २० डेसिबल हेडरूम धरून वॉट काढा.
• ५० आणि ७० वॉटच्या दोन मॉडेलमध्ये अडकला असाल, तर वॉट बाजूला ठेवा. हा फरक दीड डेसिबलचा आहे. त्याऐवजी तेच पैसे स्पीकरवर घाला.

कानांचे आणि शेजाऱ्यांचे काय?

वॉट पुरेसे असले तरी ते सगळे वापरायचे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज ३ डेसिबल वाढला की ही वेळ निम्मी होते. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सोसायटीच्या भिंती उंच पट्टीचा आवाज बऱ्यापैकी अडवतात, बास मात्र आरपार जातो.

म्हणूनच घरात बहुतेक वेळ स्पीकर एका वॉटच्याही आत वाजत असतात. खरेदीचा निर्णय घेताना तो पहिला वॉट तुमच्या स्पीकरमधून किती डेसिबल काढतो, हे आधी विचारावे. दुकानदाराला हा आकडा सांगता आला नाही, तर स्पीकरची मागची बाजू किंवा कंपनीचे माहितीपत्रक पाहून मगच पैसे द्यावेत.